हनुवटी खाली, श्वास रोखा

वाऱ्याने तिच्या हातातली, फोटोमागे धरायला आणलेली थर्माकोलची पांढरी शीट हिसकावली आणि बागेतल्या बाकावर डबा उघडून बसलेल्या एका माणसाच्या डोक्यावर नेऊन आपटली. ओळख व्हायची ही काही रीत नव्हे, पण झाली ती अशी.

"लागलं का हो?" ती धापा टाकत पोचली.

"मला नाही. माझ्या जेवणाला लागलं." डब्यातलं निम्मं जेवण गवतावर सांडलं होतं. त्याने उठून शीट दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली… आणि वरचं ऊन त्या पांढऱ्यावर पडून खालून त्याच्या चेहऱ्यावर उजळलं.

"हलू नका!" ती ओरडली.

"का? काही चावतंय का?"

"डोळे दिसतायत तुमचे!"

"ते तर रोजच दिसतात."

"फोटोत नाही दिसत. भर उन्हात कोणाचेच दिसत नाहीत, नुसते दोन काळे खड्डे येतात. थांबा, तस्सेच थांबा… हनुवटी खाली. श्वास रोखा."

तिने फोटो काढला. डोळे खरोखरच दिसत होते, पण बाकीचा माणूस चोरी करताना पकडल्यासारखा उभा होता.

खरं तर फोटो काढणं तिच्या हाडीमासी मुरलेलं. मामाच्या स्टुडिओत ती लहानाची मोठी झाली. चार दिवे आणि धबधब्याचा रंगवलेला पडदा यांच्यामध्ये तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. रडकं पोरसुद्धा तिच्यासमोर शहाणं व्हायचं. पण माणूस उघड्यावर नेला की तिची पंचाईत. कोणी डोळे बारीक करायचं, कोणी खांबासारखं ताठ. नुकतंच एका घरच्या सगळ्या मंडळींचे तिने बाहेर काढलेले फोटो परत आले होते आणि मामाने हात टेकले होते.

"बाहेरचं काम तुझं नाही गं पोरी," तो म्हणाला होता. "महिना संपला की त्यासाठी दुसरा माणूस ठेवतो. तू आपली आत बसून पासपोर्टचे फोटो काढ."

"तोवर वेळ आहे ना? एक तरी फोटो आणते बाहेरचा. शोकेसमध्ये लावण्याजोगा."

मामा हसला होता. शोकेसच्या मधोमध मामीचा तरुणपणीचा फोटो होता, लग्नानंतर मामाने स्वतः काढलेला. तो तिथून हलेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "मामीला हलवशील असा आण. मग बाहेरचं सगळं काम तुझं."

ती चिडली नाही. तिने फक्त ठरवलं. आणि तिने एकदा ठरवलं की समोरच्याची धडगत नसे.

"तुम्ही रोज इथे येता?" तिने बाकावरच्या माणसाला विचारलं.

"समोरच माझा दवाखाना आहे. दातांचा."

"मग उद्या याच वेळी या."

"आजचं जेवण सांडलंत, उद्याचंही सांडायचंय?"

"उद्याचा डबा मी आणते."

दुसऱ्या दिवशी तो आला, तेही भांग नीट पाडून. तिने त्याला झाडाखाली उभं केलं. पानांतून उतरलेले उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर असे पडले की डॉक्टरांना गोवर आल्यासारखा फोटो आला. मग तिने त्याला वाचनालयाच्या व्हरांड्याच्या कडेला नेलं. तिथे ऊन नव्हतं, उजेड मात्र होता, मऊ आणि सगळीकडून सारखा. डोळ्यांत चमक आली. पुढे ती संध्याकाळी बोलवू लागली. उतरतं ऊन त्याच्या पाठीशी घ्यायचं, समोर थर्माकोल बाकाला दोरीने बांधायचा… केसांच्या कडेला सोनेरी रेघ उमटायची आणि चेहरा उजळून निघायचा. उजेड तिच्या मुठीत आला. माणूस काही येईना.

"हसा ना जरा."

"हसलो तर पेशंट पळून जातील."

"का बरं?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पटकन ओठ उघडून मिटले. पुढचा एक दात शेजाऱ्याच्या अंगावर चढून बसला होता. "दातांचा डॉक्टर आणि त्याचाच… कळलं ना?"

तिला तो दात फार आवडला. पण ते सांगायला जीभ रेटेना, म्हणून ती लेन्स पुसत बसली.

"हात कुठे ठेवू?" त्याचा रोजचा प्रश्न.

"काहीतरी धरा."

त्याने आपल्याच एका हाताने दुसरा धरला.

"अहो, स्वतःचाच हात धरून काय उभे राहता!"

"मग… दुसऱ्या कोणाचा मिळतो का बघा."

लेन्स पुन्हा पुसावी लागली. ती एव्हाना इतकी स्वच्छ झाली होती की विचारू नका.

असं करता करता महिना सरत आला. आणि नेमकी त्याच वेळी तिची अक्कलदाढ ठणकू लागली. ती कित्येक दिवस दुखणं अंगावर काढत होती, पण त्या संध्याकाळी गाल टम्म सुजला आणि बोलणंही होईना. त्याने कॅमेऱ्याची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

"चला. आज तुम्ही माझ्यासमोर बसायचं."

दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्यावर तिने दोन्ही हातांनी कडा घट्ट आवळल्या. वरचा दिवा थेट डोळ्यांत येत होता. तिने काही म्हणायच्या आत त्याने तो दोन बोटांनी जरासा तिरका केला. उजेड डोळ्यांवरून घसरून ओठांवर आला. इतक्या हळुवारपणे आपल्यासाठी कोणी उजेड सरकवला नव्हता, असं तिला वाटलं.

"श्वास सोडा," तो म्हणाला.

"आं?"

"रोखून धरलाय तुम्ही. खांदे बघा कुठे गेलेत. मान ताठ, मुठी घट्ट… सोडा. सावकाश."

तिने सोडला. खांदे खाली आले, हात आपोआप मांडीवर येऊन पडले. आणि तोंडात आरसा असतानाच ती "आ… आ… आ!" करून उठू लागली.

"दुखलं?"

दुखलं नव्हतं. डोक्यात उजेड पडला होता. मामाचा पहिला कॅमेरा मोठा संथ होता. समोरच्याने श्वास घेतला तरी फोटो हलायचा. म्हणून मामा प्रत्येकाला बजावायचा, हनुवटी खाली, श्वास रोखा. तो कॅमेरा केव्हाच माळ्यावर गेला, वाक्य मात्र तिच्या तोंडात राहिलं. ज्याला त्याला ती आधी गुदमरवत होती आणि मग म्हणत होती, माणूस ताठ का येतो!

दाढ निघाली. दुसऱ्याच दिवशी, महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी, सुजलेला गाल घेऊन ती बागेत हजर होती.

"आज तरी विश्रांती घ्यायची होतीत," तो म्हणाला.

"बोलू नका. एका पायावर भार द्या. खांदा थोडा माझ्याकडे. हात खिशात गेले तर जाऊ द्या. आता श्वास घ्या… आणि सोडा."

त्याने सोडला. खांदे उतरले. ती आनंदाने हसली, पण सुजलेल्या गालामुळे हसू एकाच बाजूने आलं. ते पाहून तो खळखळून हसला, दातासकट. तिने त्याच क्षणी बटण दाबलं.

ऊन इमारतींमागे गेलं. त्याने थर्माकोलची दोरी सोडून शीट तिच्या हातात दिली.

"झालं?"

"झालं."

"म्हणजे उद्यापासून… यायचं नाही?"

"काम तर झालं ना…" ती म्हणाली, आणि म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. तो मान हलवून निघून गेला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, आणि दाढेचा त्यात काही दोष नव्हता.

सकाळी मामाने फोटो पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. "उजेड झकास घेतलायस." मामाच्या तोंडून हे म्हणजे पदकच. "माणूसही जिवंत आलाय. पण हा लेन्सकडे बघत नाहीये गं. लेन्सच्या वर बघतोय. तिथे कोण होतं?"

ती लेन्स पुसू लागली.

"असा फोटो भर रस्त्यावर लावायचा तर त्याला विचारून ये. हो म्हणाला तर शोकेस तुझी आणि बाहेरचं कामही तुझं. नाही म्हणाला तर दुसरा माणूस आहेच."

"लाव गं तो!" आतून मामी म्हणाली. "मला केव्हापासून उन्हात उभं केलंय या माणसाने. जरा आत घे मला."

ती तडक दवाखान्यात गेली. मागे वळायचं नाही हे ठरलं होतं. पेशंट बाहेर पडताच तिने फोटो त्याच्यापुढे धरला.

"हा शोकेसमध्ये लावायचाय. दात दिसतोय. चालेल का?"

त्याने फोटो खिडकीपाशी उजेडात नेला. "दाताचं सोडा… यात त्याहून बरंच काही दिसतंय."

"मामालाही दिसलं."

"आणि तुम्हाला?"

"दिसलं," ती म्हणाली. "म्हणून तर स्वतः विचारायला आले. तो दात मला दिसला तेव्हापासून आवडतो. आणि दाताचा मालकही. आता सांगा, लावू की नको?"

त्याने हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला, तो ट्रेच्या बाहेर पडला. "लावा. पण एका अटीवर. शेजारी तुमचा फोटो पाहिजे. मी काढणार."

दोघं बागेत आली. तिने कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि बाकाजवळ उभी राहिली… काठीसारखी. हात कुठे ठेवायचे ते तिला काही केल्या सुचेना.

"श्वास रोखलात ना?" कॅमेऱ्यामागून तो म्हणाला.

तिने मान हलवली.

"सोडा. मी कुठे जात नाहीये."

तिने सोडला. किती दिवसांचा साचलेला होता कोण जाणे. डोळ्यांत पाणी आलं, ओठांवर हसू आलं, आणि ती वाट बघत राहिली. बटणाचा आवाज काही येईना.

"काढलास का?" तिने विचारलं. अहोजाहो कधी गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही.

"नाही गं… बघतच राहिलो."

"मग उद्या याच वेळी ये."

"आणि डबा?"

"मी आणते," ती म्हणाली, आणि त्याच्या रिकाम्या हातात तिने आपला हात दिला.