काचेला कान

पार्सल घेऊन येणारा माणूस दोन जिने चढून धापा टाकत होता आणि अलकनंदा दारात आधीच उभी होती. पहाटेपासून तिने तीनदा जिन्यातून खाली वाकून पाहिलं होतं. भाची हरिणी अमेरिकेत, तिने पाठवलेली गिटार. साधी लाकडी नव्हे, पितळेची, वर निकेलचा मुलामा, आरशासारखी. पोटात, जाळीखाली, ॲल्युमिनियमची पातळ वाटी आणि आवाज पकडणारी पिकअप बसवलेली. तार छेडली की आधी वाटी थरथरते आणि मग सगळं पितळ गायला लागतं.

अलकनंदाने ती मांडीवर आडवी घेतली, डाव्या हातात पोलादी कांडी धरली आणि पहिल्या तारेवरून अलगद सरकवली. मद्रासमधल्या मंदवेलीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात असा आवाज झाला, जणू न्हाणीघरातल्या घंगाळात तोंड घालून कोणी गात आहे. पासष्ट वर्षांची बाई खुर्चीतल्या खुर्चीत चक्क हसत सुटली.

खालच्या मजल्यावरचे पुरुषोत्तमराव आवाज ऐकून वर आले. मूळचे साताऱ्याचे, आवडी इथल्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. रिची स्ट्रीटवरून जुने सुटे भाग आणून छोट्या पेट्यांत व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बांधायचे, हे त्यांचं वेड. बायको म्हणायची, नवऱ्याने दुसरी केली असती तर निदान स्वयंपाकाला मदत झाली असती.

"अलकनंदाबाई, ही गिटार की घंगाळ?"

"घंगाळच कीं. पण बेस गातं. तुमच्या पेटीला जोडून पाहूं या, आज."

"तुमची मराठी ऐकली की बखर वाचल्यासारखं वाटतं बघा."

"आमच्या घराण्यानं तंजावरांत तीनशे वर्षं जपून ठेवली म्हणून वाचायला तरी मिळते," अलकनंदा म्हणाली. "तुमची काय, अर्धी इंग्लिश."

ॲम्प्लिफायरला एक व्हॉल्व्ह कमी होता, आणि त्याच आकड्याचा व्हॉल्व्ह अलकनंदाकडे होता. तिने कपाटातून मोहरीचा जुना डबा काढला. आत कापसात गुंडाळलेली काचेची नळी, अंगठ्याएवढी.

"अण्णाचा आहे," ती म्हणाली.

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ, जनकोजी. गिंडीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होता. पेरांबूरच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन वादक विलायतेला गेला, त्याची अशीच पितळी गिटार अण्णाने घेतली, तिच्यावर ग्रामोफोनची पिकअप चिकटवली आणि घरीच ॲम्प्लिफायर बांधला. ट्रान्सफॉर्मर महाग म्हणून घातला नाही. विजेची तार सरळ पेटीच्या पत्र्याला भिडत होती, आणि पत्र्यातून गिटारीला. बावन्न सालच्या मे महिन्यात, एका शुक्रवारी, त्याच गिटारीवर त्याला करंटने नेलं. दुपारी चारला आईवडील लग्नाहून परतले तेव्हा तो हॉलमध्ये पडलेला होता. अकरा वर्षांची अलकनंदा त्या वेळी शेजारी कवड्यांची पल्लांकुळी खेळायला गेली होती. असं तिला सांगण्यात आलं, आणि असंच ती जन्मभर सांगत आली. वडिलांनी पेटी फोडली, गिटार भंगारात घातली. राहिला हा एक व्हॉल्व्ह, आणि एक अर्धी चाल. अण्णा तेव्हा एक चाल बसवत होता. तिचा पहिला भाग अलकनंदाला पाठ होता. पुढचा भाग तो रोज बदलायचा, आणि पुरा करण्याआधीच गेला. चौपन्न वर्षं ती चाल तिच्या डोक्यात अर्ध्या जिन्यावर येऊन थांबत होती.

मंगळवारी दुपारी पुरुषोत्तमरावांनी व्हॉल्व्ह बसवला. नारिंगी उजेड हळूहळू फुलला. त्यांनी काचेवर पेन्सिल टिचकावली. स्पीकरमधून टण्ण आवाज आला.

"हे बघा. जुन्या व्हॉल्व्हला ही खोड असते. आतलं सैल झालं की तो माइकसारखा ऐकायला लागतो. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे काचेला आलेत."

"मग काढायचा?"

"राहू दे की. आवाज काय गोड आहे!"

आवाज खरोखर गोड होता. दोघं तासभर लहान मुलांसारखी नवीन खेळण्याला चिकटली. कधी आवाज वाढव, कधी वाटीजवळ रुमाल धर, कधी नुसतीच कांडी फिरव. मग अलकनंदाने चहा ठेवायला गिटारीची पिन उपसली. पेटी चालूच होती. स्वयंपाकघरात तिने गॅस पेटवला, आणि बाहेरच्या खोलीत ठण्-ठण् वाजलं.

पायाने दाबायची घंटा. दोन ठोके, दुसरा किंचित दबका.

ती काडेपेटी हातात घेऊनच बाहेर आली. "ऐकलांत?"

"ऐकलं. रेडिओ पकडतोय," पुरुषोत्तमराव म्हणाले. "वायर अँटेनासारखी वागते."

"ती ट्राम होती."

"मद्रासला ट्राम?"

"त्रेपन्नांत बंद झाली. आमच्या घरासमोरून जायची, लझच्या वळणावर."

पुरुषोत्तमराव हसले, पण पेटीकडे बघत हसले.

चौतीस वर्षं अलकनंदा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. एका वायरीत दुसरी वायर बोलते, हे तिला नवं नव्हतं. क्रॉस कनेक्शन म्हणजे भूत नव्हे. कुठली तरी लाइन कुठे तरी भिडलेली असते, एवढंच. बुधवारी दुपारी दोन वाजता ती वही आणि पेन्सिल घेऊन, पिन न जोडता, पेटीसमोर बसली. ड्यूटीवर बसावी तशी, पाठ ताठ ठेवून.

आधी खरखर. मग पंख्याचा कुरकुर आवाज, आणि तिच्या घरचा पंखा बंद होता. मग लांबून आंबेवाला ओरडत गेला, 'मांपळम्, मांपळम्'. खिडकीबाहेर जानेवारी होता. मग सुरीला धार लावणाऱ्याचं चाक. तो तिच्या लहानपणी त्यांच्या रस्त्यात बुधवारीच यायचा. आणि मग, अगदी जवळ, कोणी तरी पितळी गिटार सुरात लावायला लागलं.

तिसरी तार किंचित उतरलेली ठेवायची सवय होती अण्णाची.

अलकनंदाच्या हातातली पेन्सिल उडून पडली. चाल सुरू झाली. तीच! तिला पाठ होता तो भाग सरळ झाला, जिना अर्ध्यावर आला, आणि आज थांबला नाही. एक पायरी वर गेला, मग चुकला, परत फिरला. ती जमिनीवर बसून, गुडघ्यावर वही धरून, सारेगमप खरडत होती, गालावर पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. साडेतीनला आवाज विरला.

संध्याकाळी तिने पुरुषोत्तमरावांना वही दाखवली. त्यांनी ती पाहिली नाही, व्हॉल्व्ह पाहिला.

"काच आतून काळवंडतेय. फार दिवस नाही हा आता. दोन, तीन."

"पुरेत. शनिवारी काढा."

"अलकनंदाबाई, काल ती घंटा मीही ऐकली," ते दाराशी थांबून म्हणाले. "मला ती आवडली नाही."

गुरुवारी तिने नवी गिटार जोडली. पलीकडे अण्णा वाजवी, ती मागोमाग वाजवी. तिसऱ्यांदा ती त्याच्या मागोमाग गेली तेव्हा पलीकडचं वादन मध्येच थांबलं.

"कोण तें?"

 अलकनंदाने एक्स्चेंजच्या सवयीने तोंड वाटीच्या जाळीजवळ नेलं. "अण्णा?"

"अय्यो!" पलीकडून तरुण हसू फुटलं. "नंदे, लौकर ये इकडे! पेटींत पाट्टी बसली आहे, म्हातारी! रेडिओ पकडला मी, ऐक!"

अनवाणी पावलं धावत आली. ती पावलं अलकनंदाची स्वतःचीच होती, अकरा वर्षांची. 

"पाट्टी, चाल आवडली कां?"

"बेस आहे," ती कशीबशी म्हणाली. "पुढची कधी करतोस?"

"उद्यां. उद्यां दुपारी पुरी करतों. दोन वाजतां ऐकायला या."

रात्रभर तिला झोप आली नाही, आणि त्या जागरणात भीती कमी आणि आनंद जास्त होता. ती रडत नव्हती, बेत करत होती. उद्या शुक्रवार, आणि चाल पुरी करण्याआधीच तो गेला होता, म्हणजे तो शुक्रवार हाच. घरी सगळे म्हणत, अण्णा गेला चार वाजता. तो दोनला वाजवायला बसणार, अडीचपर्यंत चाल पुरी होईल. ती चाल लिहून घ्यायची, आणि मग त्याला सांगायचं, की पेटीला हात लावू नकोस, विजेची तार उपटून टाक, लांब हो. दीड तास हाताशी होता. दोन्ही मिळणार होतं, चालही आणि अण्णाही. तेव्हाच, गुरुवारीच, सांगितलं असतं तर तो घाबरून वाजवायचा थांबला असता, आणि व्हॉल्व्ह तर उद्यापलीकडे टिकणारा नव्हता. हिशोब तिला अगदी बिनचूक वाटला.

शुक्रवारी दोनला पाच कमी असताना तिने गिटार जोडून पेटी सुरू केली. काच आतून जवळजवळ काळी झाली होती. मधोमध एक नारिंगी रेघ.

पंखा. ट्राम. मग पाणी ओतल्याचा आवाज, आणि फरशीवर खराटा.

"नंदे, पुरे ग. हॉल किती धुतेस? आई येईस्तों वाळणार नाहीं."

"शुक्रवार आहे कीं, अण्णा. घर धुवायचंच."

अलकनंदा खुर्चीत पुढे सरकली. हॉल तिनेच धुतला होता? तिला आठवेना. तिला तर ट्रामचे नंबर आठवत होते, शाळेतल्या सगळ्या बाईंच्या साड्या आठवत होत्या.

गिटार सुरू झाली. पहिला भाग, स्वच्छ. जिना अर्ध्यावर आला. एक पायरी, दुसरी पायरी, आणि तिसऱ्या पायरीवर चाल अशी काही वळली की अलकनंदाच्या तोंडून 'आहा' निघून गेलं. पेन्सिल धावत होती. अजून एक ओळ. एकच ओळ राहिली होती, तिला आता ती येताना दिसत होती.

वादन तुटलं.

"स्स! आज ही चावते ग."

"काय झालं, अण्णा?"

"हात झिणझिणला. पाय ओले आहेत, त्यानं असेल. ठेवली खालीं. थांब जरा."

अलकनंदाने वही टाकली. घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं. चारला अजून वेळ होता, पण तिला आता थांबवेना. तिने वाटीवर तोंड टेकवलं आणि जीव खाऊन ओरडली.

"अण्णा! तार तोड! तार तोड!"

खरखर.

"पाट्टी आली," तो म्हणाला. "ओरडते कां आज? मला कळेना. नंदे, तुझे कान बरे. काय म्हणते ग ती?"

पावलं पेटीजवळ आली. मूल श्वास रोखून ऐकत होतं.

"तार तोड!" अलकनंदा पुन्हा ओरडली. "विजेची तार, तोड!"

"तार तोडु म्हणते, अण्णा," मुलगी म्हणाली.

शेवटचा उकार ऐकला आणि अलकनंदाचे ओठ वाटीवरच थिजले.

तोडु.

रस्त्यावर, शाळेत, अंगणात दिवसभर तमिळ बोलणाऱ्या मुलीने तो शब्द तमिळच ऐकला होता. तोडु म्हणजे शीव. हात लाव. आणि तार म्हणजे तिच्यासमोर होती ती, गिटारीची.

"तोडु? सेरी, बरं," अण्णा हसून म्हणाला. "वाजव म्हणते, दुसरं काय."

"नक्को!" अलकनंदा ओरडली. "नक्को, अण्णा—"

पलीकडे सहाही तारा एकदम वाजल्या. एकदाच.

मग काही तरी जड, ओल्या फरशीवर.

अलकनंदाने बटणाकडे हात नेला. तो तिथेच राहिला.

पंखा कुरकुरत होता. ट्राम वळणावर आली, दोनदा घंटा वाजवून पुढे गेली. खूप वेळ झाला.

"अण्णा," मुलगी म्हणाली, "पुढें वाजव ना."

काही नाही.

मग पावलं हळूच पेटीजवळ आली, आणि अगदी काचेशी तोंड लावल्यासारखा, बारीक आवाज आला.

"पाट्टी, तुम्ही तरी सांगा कीं त्याला."