धावपट्टीच्या कडेचं घर

निवृत्तीनंतर कुठे राहायचं यावर आमचं एकमत होत नव्हतं. मला सिटी सेंटरमधला फ्लॅट हवा होता. लिफ्ट, जवळ हॉस्पिटल, खाली औषधांचं दुकान. गुरुप्रसादना मात्र दाराशी विमान उभं करता येईल असं घर हवं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची विमानं उडवली होती. आता दोन माणसांचं, छोटंसं, स्वतःचं विमान घ्यायचं त्यांच्या मनात होतं.

जयेंद्रगंजच्या आमच्या घरावरून हवाई दलाची विमानं जातात. आवाज आला की गुरुप्रसाद ताटावरून उठून गच्चीकडे पळायचे. त्यांचे मित्रही तसेच. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या वैमानिकांच्या माना एकदम वर गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

झाशी रोडवर, डबरा गावाच्या अलीकडे, एका जुन्या धावपट्टीभोवती नवी वसाहत झाल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं. प्रत्येक घरामागे विमान ठेवायचा हँगर, आणि हँगरचं दार थेट धावपट्टीवर उघडणारं. मला लगेच शंका आली. मी पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर होते. नवी कॉलनी दिसली की तिथे पाणी कुठून येतं, हे मी आधी विचारते.

"आई, एकदा बघून तर ये," आमची मुलगी अवंतिका बंगळूरहून फोनवर म्हणाली. "बाबांचा सपना आहे यार. तू ना, हर चीज पे शक करतेस."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी आम्ही गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी फुलली होती. मग शेतं संपली, खुरटी झुडपं आणि उघडे खडक सुरू झाले. वसाहतीचा व्यवस्थापक दौलतसिंह फाटकातच उभा होता. पांढरा शर्ट, काळा चष्मा, हसतमुख. मी पाण्याचं विचारलं तर त्याने बोअर दाखवला, टाकी दाखवली, टाकीच्या झाकणाला लावलेली जाळीसुद्धा दाखवली. सगळं चोख होतं. मला खोट काढता येईना.

मग त्याने हँगर उघडला. फरशी लख्ख. तेलाचा एक डाग नाही, टायरचा एक ओरखडा नाही. शेजारच्या हँगरचं दार उघडंच होतं, तिथेही तेच. त्याच्या पुढच्यात चादरी वाळत होत्या.

"विमानं कुठे आहेत?" मी विचारलं.

"ऊपर," दौलतसिंह म्हणाला. "संडे है ना, मॅडम."

"पण मालक तर सगळे घरीच दिसताहेत."

तो पुढे निघाला होता. ऐकू आलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. समोरच्या घरात एक गृहस्थ झाडांना पाणी घालत होते, त्यांच्या पलीकडे दुसरे गाडी पुसत होते. गुरुप्रसादनी दोघांनाही हात केला. दोघांनीही अगदी सारखा, बेताचा हात वर केला.

आमचं मराठी बोलणं ऐकून कोपऱ्यातल्या घरातून शालिनीताईंनी आम्हाला चहाला बोलावलं. मूळच्या आमच्याच शहरातल्या, लष्कर भागातल्या दाना ओलीत माहेर. त्यांचे यजमान संभाजीराव सैन्यातले निवृत्त वैमानिक. गुरुप्रसाद खूश झाले. कुठलं विमान, कोणतं इंजिन, किती वर चढतं, असं विचारत सुटले. संभाजीराव मान हलवायचे. "हो, चांगलं आहे," एवढंच म्हणायचे. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच, त्याच आवाजात.

तेवढ्यात हवाई दलाची दोन विमानं वरून गेली. कपबशा थरथरल्या. गुरुप्रसाद अंगणात धावले आणि त्यांच्यामागे मी दारात आले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून बायका बाहेर आल्या होत्या. कुणाच्या हाताला कणीक लागलेली, कुणाचे केस ओले. सगळ्या वर बघत होत्या. पुरुष होते तिथेच होते. झाडांना पाणी घालणारे पाणी घालत राहिले, गाडी पुसणारे गाडी पुसत राहिले. संभाजीरावांनी कपात बिस्किट बुडवलं. वैमानिकांच्या त्या अख्ख्या वसाहतीत वर पाहणारा एकच पुरुष होता, आणि तो माझा नवरा होता.

"चला," मी त्यांना म्हटलं. "उशीर होतो आहे."

पण दौलतसिंहने एक फेरी मारून बघायला विमान बाहेर काढलं होतं. पांढरं, दोन सीटचं. मला तिथे दिसलेलं ते एकमेव विमान. गुरुप्रसादांचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता. नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

ते एकटेच चढत असताना शालिनीताईंनी माझं मनगट धरलं.

"थांबवता येईल का त्यांना?" त्या हळूच म्हणाल्या.

"का? काय झालं?"

त्यांनी मागे पाहिलं. संभाजीराव दारात येऊन उभे होते.

"काही नाही हो. वारा सुटलाय ना," त्या म्हणाल्या आणि हात सोडला.

झाडाचं पान हलत नव्हतं.

"आलोच गं, सीमा!" गुरुप्रसाद विमानातून ओरडले.

विमान उठलं आणि खडकांच्या टेकडीवर गेलं. तिथल्या धुरकट उजेडात ते दिसेनासं झालं. आवाज लांब गेला नाही, विरला नाही. दार लावावं तसा बंद झाला. मी टेकडीकडे बघत राहिले. मग सहज डावीकडे पाहिलं तर विमान धावपट्टीवर होतं आणि आमच्याकडेच येत होतं. ते उतरलेलं मी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं.

गुरुप्रसाद खाली उतरले. शर्ट नीट खोचला.

"कसं झालं?" मी विचारलं.

"छान झालं," ते म्हणाले.

एरवी कुठल्याही उड्डाणानंतर दोन दिवस ऐकवणारा माणूस. परतताना गाडीत मीच बोलत होते. शहरात शिरून सिग्नलशी आलो आणि एक विमान इतकं खालून गेलं की काचा हादरल्या. सिग्नलवरच्या रिक्षावाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. यांनी समोरच्या लाल दिव्यावरची नजर हलवली नाही.

घरी सगळं सुरळीत होतं, हीच अडचण होती. डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब पूर्वीपेक्षा बरा निघाला. हे आता टॉवेलची घडी घालायचे, ताट उचलून ठेवायचे. मी आडून आडून प्रश्न विचारू लागले. आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, माझ्या वडिलांनी तुम्हाला काय विचारलं होतं, अवंतिकाचं बारशाचं नाव कुणी सुचवलं. उत्तरं सगळी बरोबर आली. पाठ केल्यासारखी, क्रमाने. एकदाही "अगं, आठवतं का तुला" नाही.

"बाबा किती शांत झालेत ना?" अवंतिका म्हणाली. "अच्छा ही है."

शेजारी झोपलेल्या माणसाकडे पाठ करायला मला भीती वाटू लागली. आणि हे कुणाला सांगणार? काय सांगणार? नवरा टॉवेलची घडी घालतो म्हणून?

होळीच्या आसपास एका संध्याकाळी शालिनीताईंचा फोन आला. खुशाली विचारली नाही, काही नाही.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "फक्त ऐका."

त्यांनी फोन कशाच्या तरी जवळ धरला. खरखर आली. त्या खरखरीमध्ये पुरुषांचे आवाज होते, खूप, एकावर एक. त्यांतला एक हळूहळू वर आला.

"सीमा? सीमा, ऐकतेस का? मला खाली काहीच दिसत नाही गं."

हे माझ्या समोर बसले होते, मटार सोलत.

"आमच्याकडे एवढंच आहे," शालिनीताई म्हणाल्या. "आणि ते इथेच ऐकू येतं. जयेंद्रगंजला नाही येणार. म्हणून तर आम्ही इथून हलत नाही."

सिटी सेंटरच्या फ्लॅटला मी दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. अवंतिकाला आनंद झाला. हे म्हणाले, "जशी तुझी इच्छा." दौलतसिंहने किल्ल्या हातात ठेवल्या आणि विमान कधी घेणार, हे विचारलंसुद्धा नाही.

सामान लावून झालं त्या संध्याकाळी शालिनीताई आल्या. मुठीत मावेल असा एक वायरलेस त्यांनी माझ्या हातात दिला. आम्ही हँगरच्या दारातून धावपट्टीवर गेलो. कडेने सगळ्या बायका उभ्या होत्या, एकमेकींपासून अंतर ठेवून, वायरलेस कानाशी धरून. हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. एकजण नातवाचे दात सांगत होती. एकजण नुसती हूं हूं करत होती. दौलतसिंह फाटकाजवळ खुर्ची टाकून बसला होता, आमच्याकडे तोंड करून.

वर आकाश रिकामं होतं. पश्चिमेला थोडा तांबूस उजेड, बाकी राखाडी.

मी बटण दाबलं. "अहो?"

खरखर.

"अहो, मी आहे. सीमा."

"सीमा!" गुरुप्रसाद हसले. माझ्या नवऱ्याचं हसणं, शेवटी खोकल्यात अडकणारं. कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. "कुठे होतीस इतके दिवस?"

"इथेच. आपण घर घेतलं. धावपट्टीच्या कडेचं, तुम्हाला हवं होतं तसं. या ना आता खाली."

मागे इतरांचे आवाज येत राहिले.

"आता दिसलं," ते म्हणाले. "शेवटून दुसरं. हँगरचं दार उघडं आहे, बरोबर?"

"हो."

"सीमा, तू तर बाहेर उभी आहेस. मग आत दिवा कुणी लावला?"

मी मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघरात उजेड होता. हे टेबलावर दोन ताटं मांडत होते.

"घरात कोण आहे?" गुरुप्रसादनी विचारलं.

मी बटण दाबलं.

"कुणी नाही," मी म्हणाले.