स्केव्हॉसचे चाळीस दगड

सागरी खात्याच्या साहेबांनो, तुम्ही माझ्या भावाला शोधलंच नाही. तीन दिवस तुमची बोट आमच्या परवान्याच्या चौकटीत गरगर फिरली. चौथ्या दिवशी तुम्ही ‘मृत’ असा शिक्का मारलात आणि घरी जेवायला गेलात.

आमचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे, परवाना तुम्हीच दिलेला. खाणीतला चुनखडक किनाऱ्यापासून आठ मैलांवर समुद्रतळाशी टाकायचा, दोन-तीन वर्षांनी त्यावर जीव धरला की काढून घरी खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाक्या ठेवणाऱ्या शौकिनांना विकायचा. माझा भाऊ स्केव्हॉस तळावर चालत काम करी. कमरेला शिसं, तोंडात हवेची नळी, समुद्रातून स्पंज काढणाऱ्या आमच्या आजोबांसारखा. नऊ मार्चला त्यानं चाळीस दगड वर पाठवले. त्यानंतर वर आलं ते नळीचं मोकळं टोक. ते तुटलेलं नव्हतं. पितळी जोड नीट फिरवून सोडवलेला होता.

दगड विकणं भाग होतं. गिऱ्हाइकाला त्यातले काटेरी किडे नको असतात. बोटभर, गुलाबी, अंगावर काचेसारखे केस. हात लागला की केस कातडीत मोडतात, मग चिकटपट्टीनं उपटत बसा. म्हणून दगड आधी फार खारट पाण्यात बुडवायचा. पाच मिनिटांत किडे बिळांतून निसटून टबात मरून पडतात.

हे पडले नाहीत. अर्धे बाहेर आले आणि सगळे एकाच बाजूला वळून ताठ राहिले. पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे. मी टब फिरवला. ते सावकाश परत वळले.

थेमेलिस काका बहात्तर वर्षांचा, सगळा जन्म पाण्याखाली काम करण्यात गेलेला. म्हणाला, “भुकेले असतील गं. तुझ्या हातचं जेवले असते, तर उलट दिशेला पळाले असते.”

पण हसला नाही.

बारा दगड इथून ईशान्येला ओकालाच्या दंतवैद्याला गेले, दहा दक्षिणेला सारासोटाच्या एका शाळेला. दोनच दिवसांत दंतवैद्याचा फोन. “बाई, मी दगड मागवला होता, होकायंत्र नाही! सगळे किडे एकाच काचेला डोकं लावून बसलेत. पेशंट दात दाखवायचे सोडून तेच बघतायत.”

मी दिशा विचारली. नैऋत्य. शाळेला विचारलं. वायव्य.

फोनमधलं होकायंत्र चुकतं, हे मलाही कळतं. म्हणून दोघांना रोज तीनदा मोजायला लावलं. नकाशावर तीन रेघा ओढल्या, तिसरी आमच्या धक्क्यावरच्या शेडमधून. त्या जिथे मिळाल्या ती जागा तुमच्या चौकटीबाहेर होती, समुद्रात आणखी तीन मैल पुढे.

मी तुम्हाला फोन केला. तुमचा माणूस म्हणाला, “मॅडम, किड्यांच्या सांगण्यावरून बोट नाही पाठवता येत.” मागे कुणीतरी खिदळलं.

मग त्या जागी काका उतरला. तीस फूट पाणी, भर दुपार, स्वच्छ ऊन. दहा मिनिटांत वर आला आणि बराच वेळ नुसता नळीची गुंडाळी करत राहिला.

“काका, काय दिसलं?”

“पावलं.”

“कुणाची?”

“तळावर चालणारा पुढे झुकून चालतो, पोरी. चवडा खोल रुततो. तशी.” मग म्हणाला, “किनाऱ्याकडे जातायत. मला परत उतरायला सांगू नकोस.”

दुसऱ्या दिवशी रेघा दीड मैल अलीकडे मिळाल्या.

तिसऱ्या दिवशी अजून दीड.

मी रोज तुम्हाला आकडे पाठवले. तुम्ही मृत्यूचा दाखला पाठवलात. नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं.

काल रेघा नदीच्या मुखाशी होत्या.

आज सकाळी दंतवैद्याची आणि शाळेची, दोन्ही रेघा आमच्या धक्क्यावर येऊन थांबल्या. शेडमधले किडे मात्र कुठल्याच बाजूला वळले नाहीत. दगड सोडून ते टबाच्या तळाला डोकी टेकवून उभे आहेत. शेकड्यांनी.

शेड खांबांवर आहे. खाली दहा फूट पाणी.

काकानं शेडच्या जमिनीतल्या, खाली पाण्यावर उघडणाऱ्या झडपेला हात घातला. मी तो धरला.

“सोड सेवास्ती,” तो म्हणाला. “आपलाच आहे.”

“मग हाक का मारत नाही तो?”



झडपेच्या फळीवर खालून कुणीतरी बोटं फिरवतंय. सावकाश, कडेकडेनं.

स्केव्हॉस मेला, असं तुम्ही सहीनिशी लिहून दिलंय. मग सांगा, मी झडप उघडू की नको? लेखी उत्तर द्या. आज.