मागच्या सीटवरचं वजन

हे मी कोणाला घाबरवायला लिहीत नाही. माझा मावसभाऊ प्रफुल्ल थापा मारणारा माणूस नाही, आणि भुताखेतांवर तर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. मांजर आडवं गेलं तर तो मांजरालाच हॉर्न द्यायचा.

जे झालं ते त्याच्या डोळ्यांसमोर झालं. गेल्या माघात, सिंदेवाहीच्या त्याच्या गॅरेजमध्ये, दिवेलागणीला.

त्याच्याकडे धनराजची जुनी पांढरी गाडी यायची. धनराज जंगलातल्या एका खेड्यातला, धानाची शेती करणारा. गाडी त्यानं हौसेनं घेतली नव्हती. त्याच्या बायकोचं, रीताचं, पहिलं बाळ वेळेवर वाहन न मिळाल्यामुळे वाटेतच गेलं होतं. आता रीताचे पुन्हा दिवस भरत आले होते, आणि धनराजचा सगळा जीव त्या गाडीत अडकला होता.

"मागून आवाज येऊन राह्यला भाऊ," तो म्हणाला. "ऐन टायमाले बंद पडली तं मी काय करू?"

प्रफुल्लनं गाडी जॅकवर घेतली. मागच्या सस्पेन्शनच्या जोडात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून हलवून पाहिलं. जोडातले रबरी बुश पार फाटले होते. लोखंडावर लोखंड आपटत होतं, दुसरं काही नाही. त्यानं नवे बुश बसवले आणि बाजारातल्या खड्ड्यांतून गाडी फिरवून आणली.

आवाज गेला होता.

दुसऱ्या दिवशी धनराज पुन्हा दारात.

"गावात नाई येत आवाज. जंगलात येते."

प्रफुल्लला हसू आलं. बुशला काय कळतं, गाव कोणतं आणि जंगल कोणतं? पण धनराजचा उतरलेला चेहरा पाहून त्याला कसंतरीच वाटलं आणि तो सोबत निघाला. ऊन कलत होतं. धनराज गाडी चालवत होता आणि प्रफुल्ल मागच्या सीटवर बसला होता. मागचा आवाज मागे बसूनच पकडावा लागतो.

सागाचं जंगल लागलं. खड्डे आले आणि गेले. काहीच आवाज नाही.

मग नवा डांबरी रस्ता सुरू झाला... तळहातासारखा सपाट.

खट.

प्रफुल्ल सावरून बसला. बुश गेले असले तर आवाज खड्ड्यात येतो, ब्रेक मारल्यावर येतो. असल्या रस्त्यावर येत नाही.

खट... खट.

आवाज चाकातून येत नव्हता. त्याच्या पाठीमागून, डिकीतून येत होता. दार वाजवावं तसा, सावकाश.

"थांबव," प्रफुल्ल म्हणाला.

गाडी पुढच्या उतारावर थांबली. धनराजनं सवयीप्रमाणे डिकी उघडली आणि चाकाला लावायला एक दगड काढला. जुन्या गाडीत असा दगड सगळेच ठेवतात. डिकीत तेवढाच होता. स्टेपनी घट्ट बसवलेली होती.

पण दगड गोल आणि गुळगुळीत होता, नदीतला. इथं तर सगळा लाल मुरूम.

"हा कुठून आणला बे?"

धनराजनं मान खाली घातली. "इथलाच हाये. त्या मोहाखालचा."

रस्त्याच्या कडेला मोहाचं झाड होतं आणि त्याच्याखाली दगडांचा ढीग. मोहफुलं वेचायला आलेल्या सुकलूबाबाला तिथं वाघानं नेलं होतं. आमच्याकडे वाघानं माणूस मारला त्या जागी येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो. कोणी मुद्दाम नदीवरून आणतो. तिथं दगड ठेवायचा असतो, उचलायचा कधीच नसतो. शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे.

धनराजलाही माहीत होतं.

"पंक्चर झालता इथीच," तो म्हणाला. "अंधार पडत होता, मी एकटा. वाघाच्या भेवानं जो हाती आला तो उचलला, अन् मंग डिकीत टाकून पळलो."

"अन् आवाज कवापासून येते?"

"तवापासून."

दोघांनी दगड ढिगावर परत ठेवला आणि हात जोडले. परत येताना गाडी प्रफुल्लनं चालवली. आवाज आला नाही. दोघांचा जीव भांड्यात पडला.

गॅरेजमध्ये येऊन दोघं खाली उतरले. जाता जाता प्रफुल्लनं चाकाच्या वरची फट पाहिली, ही मेकॅनिकची खोड. उजवीकडे चार बोटं सहज जात होती.

डावीकडे... एकही जाईना.

गाडी मागून डाव्या अंगाला दबली होती. कोणी जड माणूस बसल्यावर दबते तशी. स्प्रिंग ठीक होती, बुश कालचेच नवे. त्यानं दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. गाडी हलली नाही. धनराज तर नेहमी एकटाच फिरायचा, मग जुने बुश एवढे फाटले कशानं, हे आता त्याच्या डोक्यात आलं.

तेवढ्यात धनराजचा फोन वाजला. त्याची आई होती. रीताच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या.

"चाबी दे भाऊ."

प्रफुल्लच्या मुठीत चावी तशीच राहिली. देऊ नये तर दुसरी गाडी कुठून आणायची? द्यावी तर त्या बाईला कोणाशेजारी बसवायचं?

"चाबी दे ना भाऊ. एक लेकरू गेलं माझं."

प्रफुल्लनं मागचं डावं दार उघडलं. आत कोणीच नव्हतं. पण सीटची गादी खोल दबलेली होती...

घरच्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसा तो बोलला.

"सुकलूबाबा, बाई अडली हाये. तिले झोपाले जागा पायजे. तुमी उतरा. इथी बसा माझ्यापाशी."

काही झालं नाही.

मग... स्प्रिंग कुरकुरली. दबलेली गादी हळूहळू वर आली. गाडी उचलली गेली आणि चाकावर चार बोटं फट दिसू लागली.

धनराज सुसाट गेला. रीता वेळेत दवाखान्यात पोहोचली. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप आहेत. त्या गाडीतून पुन्हा कसलाही आवाज आला नाही.

प्रफुल्लच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक आहे. त्याच्या एका टोकाला तो आता कोणालाच बसू देत नाही. परवा त्याचा फोन आला. त्याच्या मोटरसायकलचे मागचे शॉकअप दबून बसले होते. नवे टाकले, तेही दबले. मागे कोणाला घेऊन तो फिरत नाही.

मी म्हटलं, "मग त्या मोहापाशी नेऊन सोड ना त्यांना."



"मीच म्हटलं ना, बसा," प्रफुल्ल हळूच म्हणाला. "आता म्हाताऱ्या मानसाले जा कसं म्हनू?"