जोहराची सरळ रेघ

स्पंदनपट सुरू होऊन दहाच मिनिटं झाली होती आणि सातवीचा अख्खा वर्ग रडत होता. पडद्यावर दूरदेशीची एक काळी मुलगी शाळेच्या बसमध्ये चढली होती, आणि तिला पाहून एकेक जण शेजारच्या जागेवर दप्तर ठेवत होता. तिच्या छातीतली धडधड, घशात अडकलेला हुंदका मनगटावरच्या पट्ट्यांमधून मुलांच्या अंगात उतरत होता. वर्णद्वेष धडा वाचून कळत नाही, म्हणून उज्ज्वला नाखवा बाईंनी शाळेच्या मागे लागून हे यंत्र मागवलं होतं.

बाईंच्या टेबलावरच्या पडद्यावर प्रत्येक मुलाच्या भावनांची रेघ उसळत होती. एकच सरळ होती, जोहरा सिद्दीची. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आलेल्या सिद्दींच्या घरातली ती मुलगी. पट्टी सैल असेल म्हणून बाईंनी ती घट्ट बांधली. रेघ हलली नाही.

मधल्या सुट्टीत मुलं डोळे पुसत मैदानावर पळाली. बाईंनी जोहराला थांबवलं.

"तुला काहीच नाही वाटलं का गं?" बाईंच्या आवाजात नकळत राग होता.

"वाटलं की, बाई. पण रोज वाटतं तेवढंच."

बाई चपापल्या. पट्टी आधी आठवडाभर मुलांच्या हातावर असे. त्यांचं रोजचं मन ती शिकून साठवून घेई, आणि त्याहून जास्त जे वाटेल तेवढंच रेघेत दिसे.

"तुझा तो आठवडा मी अनुभवून बघू?"

जोहराने मान डोलावली. बाईंनी पट्टी स्वतःच्या हाताला बांधली. पडद्यावर वार आणि तास भराभर सरकू लागले, आणि जोहराचा साठलेला आठवडा त्यांच्या अंगात उतरू लागला. सोमवारी प्रार्थनेच्या रांगेतच धडधड सुरू झाली. डबा उघडताना घास उतरेना. गुरुवारी तिसऱ्या तासाला तर छातीत अशी कळ आली की बाईंनी टेबल धरलं.

गुरुवारचा तिसरा तास त्यांचाच होता. नाटकातली पात्रं ठरवताना त्या म्हणाल्या होत्या, "राक्षसीण आपली जोहरा! रंगसुद्धा लावायला नको." वर्ग हसला होता. जोहराही हसली होती.

बाईंना पट्टी सोडवता येईना. शेवटी जोहरानेच ती सोडवली.

"चुकलं माझं, बाळा. फार चुकलं."

जोहराने पट्टीची गुंडाळी केली. मग हळूच म्हणाली, "बाई, त्या बसमधल्या मुलीसाठी सगळे रडले ना... माझापण सिनेमा काढावा लागेल का?"