टीम येऊन गेली

दार लोटून घ्या. आणि मध्ये कुणी बोलू नका. ही तुमच्या आत्याची गोष्ट. तिनं ती मला एकदाच सांगितली.

गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. आत्याची वॉर्डात रात्रपाळी. एकच्या सुमारास खालून पांघरुणं घेऊन वर आली, तर खिडकीकडच्या खाटेवरचे शिंपीकाका टक्क जागे.

"सिस्टर, आतून काहीतरी बिघडतंय हो."

तिनं नाडी पाहिली, बीपी पाहिलं. सगळं ठाकठीक. पण कपाळ गार, आणि चेहऱ्याला तो रंग... नर्सबाईला कळतो तो. तिनं डॉक्टरांना फोन लावला, तातडीची टीम बोलावू का म्हणून विचारलं.

"आकडे बरे आहेत ना? मग टीमला कशाला पळवता? मागच्या वेळचं विसरलात वाटतं!"

मागच्या वेळी तिनं अशीच तातडीची टीम बोलावली होती. पेशंट उठून चहा मागायला लागला, आणि सकाळी सगळ्यांदेखत हिची खरडपट्टी निघाली.

ती काकांचा हात धरून बसली.

"बोलवा ना कुणालातरी..."

मग तिला राहवलं नाही. टीमला फोन केला. टीममधला ब्रदर म्हणाला, "आलोच."

कुणी आलं नाही.

काकांचा श्वास अडकायला लागला. तिनं पुन्हा फोन लावला.

"अहो, कुठे आहात?"

"म्हणजे? इथेच तर आहोत. खिडकीकडच्या खाटेपाशी. तुम्ही समोर उभ्या आहात की!"

तिनं वळून पाहिलं. खाट. काका. आणखी कुणी नाही.

"मला... दिसत नाहीये कुणी..."

फोनमध्ये कुणीतरी मोठ्यानं मोजत होतं, छाती दाबताना मोजतात तसं. मग तेही थांबलं.

ती धावली. काकांचा सदरा वर सारून छाती दाबायला लागली. एकटी. हाका मारल्या. बाकीचे पेशंट गाढ झोपलेले. एकानंही कूस बदलली नाही.

काका गेले.

पहाटे जिन्यात ब्रदर भेटला. डोळे लाल.

"सिस्टर, आम्ही किती झटलो हो! शॉकही दिला. तुम्ही नुसत्या पायथ्याशी उभ्या. हाक मारली, तर ओ नाही..."

खोटं बोलत नव्हता तो.

आत्या परत खाटेपाशी गेली. शॉकचं मशीन वॉर्डात नसतंच, ते टीमच आणते. तिनं सदरा वर केला...

छातीवर दोन लालबुंद चट्टे. ती दाबत होती तेव्हा नव्हते.

हात लावून पाहिला.

अंग गार पडलेलं. चट्टे ऊन होते.