तीन महिन्यांचा पक्ष

धुळीचा लोट आला आणि मी डोळे चोळत थेट पावाच्या गाडीच्या घोड्यावरच जाऊन आदळले.

"अहो, त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय तुमचं?" गाडीवान हसला. मग त्याने मला नीट पाहिलं. "तुम्ही... ट्रेगेन्झांची मॉरवेना ना?"

"हो, गद्दाराची मुलगी. द्या शिव्या!"

बाबा वीस वर्षं खाणकामगारांचे पुढारी. नोव्हेंबरात महायुद्धासाठीच्या सक्तीच्या सैन्यभरतीवरून मजूर पक्ष फुटला आणि बाबा भरतीवाल्यांच्या नव्या पक्षात गेले. माझा भाऊ जॉरी फ्रान्सच्या चिखलात लढत होता. त्याच्या मदतीला माणसं जावीत, एवढंच बाबांना कळत होतं. भरतीविरोधी कामगार संघटनेने आम्हाला वाळीत टाकलं. पाव नाही, मटण नाही, कुणी ओळखही दाखवेना.

"शिव्या नाही देत," तो म्हणाला. "पावही देता येत नाही. पण... गाडीतून पडला, तर मी काय करणार?"

"रोज पडेल?"

"तुमच्या दारातला रस्ता फारच खराब आहे हो!"

त्याचं नाव फिनबार. पाव रोज पडायचा, अन् गाडी रोज जरा जास्तच रेंगाळायची. महिन्याभरात मी त्याच्या पुरती प्रेमात पडले होते.

फेब्रुवारीत कुणीतरी चुगली केली. संघटनेने त्याचं सभासदपत्र काढून घेतलं. त्याशिवाय गावात कामच मिळत नाही. भर दुपारी तो फाटकाशी आला.

"ॲडलेडला चाललोय. चल माझ्याबरोबर, लग्न करू."

"आणि बाबा? सगळ्या गावाने सोडलंय रे त्यांना!"

"मग मी?"

"तू मला जिवापाड आवडतोस, फिनबार... पण मी नाही येणार."

त्याने टोपी डोक्यावर ओढली आणि गेला.

चौथ्या दिवशी बाबा वर्तमानपत्र घेऊन आले आणि खुर्चीत बसले. नवा पक्ष खाणमालकांच्या पक्षात विलीन झाला होता.

"तीन महिने, मॉर! तीन महिन्यांत संपलं सगळं. ज्यांच्याशी जन्मभर भांडलो, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसायचं आता. कशासाठी केलं मी हे?"

मी त्यांचे बूट काढू लागले. त्यांनी विचारलं, "तो पाववाला पोरगा... तुला मागणी घालायला आला होता?"

"हो."

"मग गेली का नाहीस?"

मी बुटाची नाडी सोडवत राहिले.

"मला नव्हता आवडत."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "तेवढं तरी बरं झालं."